प्रेत उचलेपर्यंत चूल बंद : अनंतमूर्तींची ‘संस्कार’

गावात कुणी गेलं की लगेच कामं वाटली जातात. तिरडीचे बांबू कोण आणणार, लाकूडफाटा कुठून मिळणार, भटजींना निरोप कुणी द्यायचा, मडकं कोण धरणार. प्रेत उचलल्याशिवाय चूल पेटवायची नाही, म्हणून या सगळ्याला घाई असते. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ या कन्नड कादंबरीत ही कामं वाटलीच जात नाहीत. नारणप्पा शिवमोग्याहून ताप घेऊन परततो आणि चार दिवसांत मरतो. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. दुपारच्या जेवणाच्या वेळेला बातमी येते आणि पानावरचे लोक हात आखडून बसतात. कादंबरीचा मोठा भाग एवढ्याच पेचावर उभा आहे : या माणसाला अग्नी कोण देणार?

कादंबरी १९६५ची. लांबी शे-दीडशे पानं, भाग तीन. जागा म्हणजे कर्नाटकातला मलनाड, तुंगेच्या काठचं दुर्वासपूर नावाचं काल्पनिक अग्रहार. सगळी वस्ती ब्राह्मणांची, एक दुर्गाभट्ट सोडला तर सारे माध्व पंथाचे. अनंतमूर्तींचा जन्म १९३२चा, तीर्थहळ्ळी तालुक्यातल्या मेळिगे गावचा, आणि घरही माध्वांचंच. त्यामुळे कुणाच्या हातचं काय चालतं, कुठल्या वेळी कुणाला शिवायचं नाही, कोणत्या क्रमाने पूजा आटोपते, हे सगळं आतून आलेलं आहे. कादंबरी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला पीएचडी करत असताना लिहिली. पण गावाकडे लांबून बघितल्याचा परकेपणा तिच्यात नाही.

खेड्यातला धार्मिक ताण म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेक कादंबऱ्यांमध्ये दोन तट पडतात, मिरवणूक निघते, दगड येतो. इथे तसं काही होत नाही. इथला ताण नियमांच्या गुंत्यातून येतो, आणि हा गुंता लेखकाने इतक्या काटेकोरपणे बांधलाय की तो नीट समजून घेतल्याशिवाय पुस्तकाची खरी ताकद कळत नाही.

तो असा. नारणप्पाने घरातला शाळिग्राम नदीत फेकला, देवळाच्या तळ्यातले मासे मुसलमान मित्रांना घेऊन पकडले, मद्यमांस उघडपणे घरात आणलं, कुंदापूरच्या चंद्रीला घरात ठेवून घेतलं. बायको गेली तेव्हा तिचे दिवसही केले नाहीत. अशा माणसाला वाळीत टाकायला हवं होतं. पण त्याने धमकी दिलेली असते की बहिष्कार घाललात तर मुसलमान होईन आणि याच घरात राहीन. तसं झालं असतं तर सबंध अग्रहार बाटला असता आणि उठून जायची पाळी ब्राह्मणांवरच आली असती. म्हणून बहिष्कार घालायचा राहून गेला. बहिष्कार नाही म्हणजे मरताना तो ब्राह्मणच होता, आणि ब्राह्मणाच्या प्रेताला ब्राह्मणानेच हात लावायचा. जवळचा नातेवाईक नसेल तर कुठल्याही ब्राह्मणाने केलं तरी चालतं, हे शास्त्र अग्रहारातले विद्वान प्राणेशाचार्य यांना तोंडपाठ आहे. पण जो पुढे होईल तो त्याचा दोष अंगावर घेणार. उद्या त्याच्या मुलीला स्थळ येईल का, श्राद्धपक्षाला त्याला बोलावणं येईल का, हा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात चालू आहे. धर्माच्या सगळ्या वाटा इथे येऊन बंद होतात आणि पलीकडच्या घरात प्रेत फुगायला लागतं.

इतक्यात चंद्री अंगावरचं सोनं काढून आचार्यांच्या पायांपाशी ठेवते. क्रियाकर्माच्या खर्चासाठी. पुस्तकातलं हे पान दोनदा वाचावं. सोनं ओट्यावर यायच्या आधी गरुडाचार्य आणि लक्ष्मणाचार्य एकमेकांकडे बोट दाखवत असतात : तुझं नातं जवळचं, तूच कर. सोनं दिसल्यावर दोघांनाही आपलं नातं आठवतं. त्यांच्या बायका आतून ऐकत असतात. दुसरीच्या नवऱ्याने क्रिया केली तर सोनं तिच्या गळ्यात जाणार, या विचाराने त्यांचा जीव खालीवर होतो. शास्त्रातला एक शब्दही या मधल्या वेळात बदललेला नाही. अनंतमूर्ती इथे एकाही वाक्यात भाष्य करत नाहीत. नुसते चेहरे, सोनं आणि दाराआडच्या बायका दाखवतात.

या पुस्तकाचं मोठेपण सांगताना बहुतेक जण आचार्यांच्या पतनाबद्दल आणि आत्मशोधाबद्दल बोलतात. ते महत्त्वाचं आहेच. पण पुस्तकाची रचना खरी चालते ती कुणाला काय माहीत आहे यावर. गावाला वाचवू शकेल अशी प्रत्येक बातमी अशा माणसाकडे आहे, ज्याचं बोलणं अग्रहारात पोचू शकत नाही.

नारणप्पा कशाने गेला हे चंद्री पहिल्याच प्रकरणात सांगते : चार दिवस ताप, आणि कुशीला दुखरी गाठ. एवढंच. मराठी वाचक इथे थबकायला हवा. १८९६ला मुंबईत आणि १८९७ला पुण्यात आलेल्या प्लेगच्या साथीची आठवण आपल्याकडे घराघरांत आहे; सावित्रीबाई फुले त्याच साथीत, रोग्यांची सेवा करताना गेल्या. ताप आणि गाठ म्हटलं की आपल्या पणजीने दुसरा विचार केला नसता. पण दुर्वासपुरात ती गाठ कुणी ऐकतच नाही. चंद्री अंगणात लांब उभी आहे, तिच्याकडे बघणंसुद्धा दोषाचं, आणि सगळ्यांचं लक्ष ती कोण आहे यावर. रोगाचं नाव तिच्या तोंडून जवळजवळ बाहेर आलेलं असतं आणि ते तसंच वाऱ्यावर जातं.

दुसरी बातमी बेळ्ळीकडे. ती गावाबाहेरच्या अस्पृश्यांच्या वस्तीतली. तिथे उंदीर आधी मरायला लागलेत, माणसं तापाने फणफणलीत, मेलेल्यांसकट झोपड्या पेटवून द्यायची वेळ आलीय. ती हे श्रीपतीला सांगते. श्रीपती ब्राह्मणाचा मुलगा, यक्षगानाच्या, म्हणजे तिकडच्या लोकनाट्याच्या, नादी लागलेला, रात्री चोरून तिला भेटायला येणारा. त्याला तिचं अंग हवं आहे, तिचं बोलणं नको. प्लेग उंदरांमध्ये पसरतो, उंदीर मेले की त्यांच्यावरच्या पिसवा माणसांकडे वळतात, म्हणून उंदीर पडायला लागले की घरं सोडून रानात राहायला जायचं, ही शहाणीव आपल्या खेड्यांनी पुढे शिकून घेतली होती. दुर्वासपुरातही अग्रहाराच्या घरांतून उंदीर बाहेर येऊन गरगर फिरत मरतात, त्यांच्यासाठी गिधाडं छपरांवर येऊन बसतात. ब्राह्मणांना त्यात अपशकुन दिसतो. ते काशाची थाळी आणि शंख वाजवून गिधाडं हाकलतात. अंगणात पडलेले उंदीर मात्र कुणाला कोड्यात टाकत नाहीत.

तिसरी बातमी अहमद ब्यारीकडे. हा मासळीचा व्यापारी. कधीकाळी नारणप्पाने त्याला बैल घ्यायला पैसे दिले होते. चंद्री आधी ओळखीच्या गाडीवाल्याकडे जाते, पण ब्राह्मणाच्या प्रेताला हात लावायला तो घाबरतो. मग ती ब्यारीकडे जाते. तो बैलगाडी आणतो, दोघं मिळून रात्रीतच प्रेत नेऊन जाळतात, आणि चंद्री सकाळच्या बसने कुंदापूरला निघून जाते. पेच सुटलेला असतो. अग्रहारातल्या मोठ्यांना त्याचा पत्ताच नसतो. ते कैमरच्या पंडितांकडे, मग मठाच्या स्वामींकडे पायपीट करत राहतात आणि वाटेत एकेक माणूस तापाने पडत जातो.

अशी जोडणी मनात ठेवून वाचलं तर पुस्तक वेगळंच दिसतं. कोण कुणाच्या सावलीला उभा राहू शकत नाही, याची किंमत इथे माणसं जिवाने मोजतात, आणि आपण ती मोजतोय हे त्यांना कळतही नाही. प्लेगची खात्रीलायक बातमी शेवटी येते ती शेजारच्या पारिजातपुरातल्या मंजय्यांना, वर्तमानपत्रातून.

आता प्राणेशाचार्य. काशीला शिकलेले, पंचक्रोशीत मान. सोळाव्या वर्षी बारा वर्षांच्या आजारी मुलीशी, भागीरथीशी, जाणूनबुजून लग्न केलेलं. संसारसुख बाजूला ठेवून तिची सेवा करायची, हेच आपलं तप अशी धारणा. कादंबरी उघडते ती त्यांच्या रोजच्या क्रमाने. भागीरथीला आंघोळ घालायची, लुगडं बदलायचं, पूजा करायची, देवावरचं फूल तिच्या केसांत घालायचं, तीर्थ द्यायचं, पेज भरवायची. ही चार-सहा वाक्यं इतकी शांतपणे लिहिली आहेत की पुढचा सगळा पडझडीचा भाग त्यांच्यावर तोलला जातो. या माणसाने आपल्या बायकोचं आजारपण आपल्या मोक्षाच्या कामाला लावलंय, हा संशय लेखक कुठेही बोलून दाखवत नाही. तो आपल्याला हळूहळू येतो.

आचार्य रात्रभर ताडपत्रं उलगडतात. आपद्धर्म म्हणून काही सूट सापडते का बघतात. सापडत नाही. मग ते रानातल्या मारुतीला कौल लावतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको : देवाच्या अंगावर ओली फुलं लावायची, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. दिवस संपतो. कुठलंच फूल पडत नाही. ग्रंथ गप्प आणि देवही गप्प, अशा अवस्थेत, उपाशी पोटी, परतीच्या अंधारात चंद्री भेटते. जे घडतं ते दोघांनाही अनपेक्षित असतं. मध्यरात्री चंद्रीच्या मांडीवर डोकं असताना त्यांना जाग येते, आणि ती पदरातली केळी त्यांना भरवते. उद्या सगळ्यांसमोर हे तूच सांग, असं ते तिला म्हणतात. स्वतः मात्र सांगत नाहीत. चौथी बातमी अशी खुद्द आचार्यांकडे असते, आणि तीही अग्रहारात पोचत नाही.

तिसरा भाग अनेक वाचकांना रेंगाळलेला वाटतो. भागीरथी प्लेगने गेल्यावर तिला अग्नी देऊन आचार्य वाट फुटेल तिकडे चालू लागतात. पुट्टा नावाचा बडबड्या वाटेत त्यांना चिकटतो. दोघं मेळिगेच्या रथोत्सवाला जातात. मनातल्या मनात बोलणं वाढतं आणि पहिल्या दोन भागांची गती जाते, हे खरं. तरी हा भाग चाळून पुढे जाऊ नये. नियम इथेही तितकेच नेमके आहेत. बायको नुकतीच गेलेली, म्हणजे आचार्य सुतकात आहेत. सुतकात देवळात जायचं नाही, पंक्तीला बसायचं नाही. ते जत्रेत फिरतात, हॉटेलात कॉफी पितात, कोंबड्यांची झुंज बघतात आणि शेवटी देवळात ब्राह्मणांच्या पंगतीत बसतात. सुतकी माणूस पानावर बसलाय हे कळलं तर सबंध उत्सव बाटला, रथ जागेवरून हलायचा नाही. तेवढ्यात कुणीतरी त्यांना ओळखतं आणि ते हातावर पाणी न घेताच उठून पळतात. पहिल्या भागात सगळं गाव एका प्रेताच्या नियमात अडकलं होतं. इथे एक माणूस त्याच नियमांमधून कुणाच्याही नकळत चालत जातो, आणि प्रत्येक वेळी भीती मात्र जुनीच वाटते. ज्याला नियम तोंडपाठ आहेत त्यालाच ते तोडताना अंगाला किती कापरं भरतं, हे इतकं जवळून दुसरीकडे क्वचित वाचायला मिळतं. शेवट मोकळा सोडलाय. आचार्य दुर्वासपूरला परतायला बैलगाडीत बसतात, पुढे काय करतील ते लेखक सांगत नाही. निकाल हवा असणाऱ्या वाचकाची इथे निराशा होईल.

वर्णनांबद्दल एकच गोष्ट. दुर्वासपुरात परसातली फुलं देवासाठी असतात. बायकांच्या वाट्याला देवावरून उतरलेली, कोमेजलेली फुलं. नारणप्पाच्या अंगणात मात्र रातराणी आहे, तिची फुलं फक्त चंद्रीच्या केसांसाठी. प्रेत घरात पडून असताना आधी त्या रातराणीचा आणि मग कुजल्याचा वास त्याच बोळातून येत राहतो. नारणप्पा कोण होता हे त्याच्या कुठल्याही संवादापेक्षा या झुडपावरून जास्त कळतं.

दोष आहेत, आणि किरकोळ नाहीत. अग्रहारातल्या झाडून सगळ्या ब्राह्मण बायका वाळलेल्या, ओघळलेल्या, कजाग. चंद्री आणि बेळ्ळी मात्र भरलेल्या अंगाच्या, मातीच्या, पावसाच्या वासाच्या. ही विभागणी पानोपानी येते आणि ती पुरुषाच्या नजरेतली आहे. ब्राह्मण बाईला इथे इच्छा नाही, खालच्या जातीच्या बाईला इच्छेशिवाय काही नाही. चंद्रीला निदान निर्णय घेता येतो. प्रेताचा प्रश्न तीच सोडवते. बेळ्ळीला तेवढंही मिळत नाही. तिच्या वस्तीतली माणसं मरतात, झोपड्या जळतात, आणि कथा तिला मागे सोडून पुढे निघून जाते. दलित साहित्य वाचून तयार झालेल्या मराठी वाचकाला हे खुपेल, खुपायलाच हवं. अस्पृश्य वस्तीतली साथ इथे अग्रहाराच्या गोष्टीची पार्श्वभूमी म्हणून येते, तिची स्वतःची गोष्ट होत नाही. अहमद ब्यारीचंही तसंच : सबंध पुस्तकात धर्माचं खरं काम करणारा माणूस तो, आणि त्याच्या वाट्याला फार थोडी जागा. गरुडाचार्य, लक्ष्मणाचार्य, श्राद्धाच्या जेवणांवर जगणारे दासाचार्य हे सगळे एकेका हावेपुरते रंगवलेत. त्यातला एखादा तरी ब्राह्मण श्रद्धेने नियम पाळणारा आणि तरीही साधा, भला दाखवला असता, तर पेच आणखी अवघड झाला असता.

मराठी वाचकाला एक गोष्ट आधी माहीत असली तर बरं. माध्व म्हणजे तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांचे, द्वैत मानणारे अनुयायी. त्यांचं मोठं केंद्र उडुपी. स्मार्त हे शंकराचार्यांच्या परंपरेतले, आणि शृंगेरीचं पीठ याच तुंगेच्या काठी. पारिजातपूरचे ब्राह्मण स्मार्त आहेत. दुर्वासपूरचे माध्व त्यांना आपल्यापेक्षा खालचे समजतात, त्यांच्याकडे जेवत नाहीत. म्हणून भुकेने कासावीस झालेले दासाचार्य पारिजातपुरात गुपचूप खाऊन येतात, तेव्हा त्यांचे दोन नियम एकदम मोडतात. आपल्या कॅलेंडरवर स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादशा छापलेल्या असतात, आणि दक्षिण महाराष्ट्रात वैष्णव देशस्थांची माध्व घरंही आहेत, त्यामुळे हा भेद आपल्याला अगदीच अनोळखी नाही. तो ध्यानात ठेवला नाही तर ब्राह्मण-ब्राह्मणांतली ही खेच निसटून जाते आणि कादंबरी फक्त ब्राह्मण विरुद्ध बाकीचे अशी वाटू लागते.

वाचायचं कसं? नावांचा गोंधळ पहिल्या तीस पानांत नक्की होतो, कारण सगळेच आचार्य. एका कागदावर आठ-दहा नावं आणि त्यांची नाती लिहून ठेवा. विशेषतः नारणप्पाच्या बायकोची बहीण लक्ष्मणाचार्यांच्या घरात आहे हे, कारण सोन्याचा आणि मालमत्तेचा हक्क तिथूनच सुरू होतो. पहिले दोन भाग सलग वाचावेत, शक्यतो एका बैठकीत. मध्ये दिवस गेले तर प्रेताची घाई वाचकाच्या अंगात उतरत नाही. तिसऱ्या भागाआधी थांबलं तरी हरकत नाही. ए. के. रामानुजन यांचं इंग्रजी भाषांतर १९७६चं. त्यातल्या टिपा विधी आणि पुराणांतल्या संदर्भांसाठी उपयोगी आहेत, पण त्यांचं शेवटचं टिपण आधी वाचू नका, ते सगळी कथा उघड करतं.

१९७०चा पट्टाभिराम रेड्डी दिग्दर्शित कन्नड चित्रपट पुस्तक वाचून झाल्यावर बघावा. सेन्सॉरने तो आधी अडवला होता. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्राणेशाचार्य गिरीश कार्नाड, चंद्री स्नेहलता रेड्डी, नारणप्पा पी. लंकेश. आचार्यांच्या मनातलं बोलणं पडद्यावर फारसं येऊ शकत नाही, त्यामुळे तिसऱ्या भागाचं बरंचसं बळ पुस्तकातच राहतं.

वाचक गटासाठी हे पुस्तक घेणार असाल तर ‘आचार्य चुकले का’ यावर चर्चा सुरू करू नका. ती दहा मिनिटांत दोन ठरलेल्या बाजूंना जाऊन बसते. त्याऐवजी प्रत्येकाने एकेक माणूस घ्यावा. चंद्री, बेळ्ळी, श्रीपती, ब्यारी, मंजय्या, गरुडाचार्य, भागीरथी. पहिल्या दिवशी रात्री त्याला काय माहीत होतं, त्यातलं त्याने कुणाला सांगितलं, आणि कुणाला सांगता आलं नसतं, एवढं पानांच्या आधाराने लिहून आणावं. भागीरथी ज्याच्याकडे येईल त्याला सगळ्यात कमी लिहायला मिळेल, आणि ते का, यावर गटाने वेळ द्यावा.